शंकरपाळी

यमुनाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका कोंबडीच्या मागं धावत होत्या.

साताऱ्याजवळच्या आमच्या गावात, शेजारच्या जगतापांच्या अंगणात. निऱ्या एका मुठीत, चष्मा कपाळावर चढलेला, आणि तोंडानं एकच ओरडा, "अगं धरा तिला! जगतापांचा नातू पळवला कोंबडीनं!" आजूबाजूच्या बाया हातातली कामं टाकून धावल्या. जगतापांची सून मात्र ओसरीवर पोट धरून खदखदा हसत होती, कारण नातू अजून तिच्या त्या पोटातच होता. कोंबडीच्या चोचीत होती ती शंकरपाळी.

त्याचं असं होतं. यमुनाबाई डॉक्टर होत्या, पण सुई-गोळ्यावाल्या नव्हत्या. सांगलीत एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं संशोधन चालायचं. मूल पोटात असतानाच त्याला आईबापाकडून काय काय येतं, त्यातलं सरळ किती आणि वाकडं किती, हे हुडकायचं. त्यासाठी आधी घराण्याचा नकाशा लागतो. तो म्हणे साऱ्या जगात एकाच पद्धतीनं काढतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल, आणि जे अजून जन्मालाच आलं नाही ते मूल म्हणजे तिरपा चौकोन. पण आमच्या बायकांपुढं कुणी कागद उघडला की त्यांना तलाठी आल्यासारखं वाटायचं आणि तोंडं मिटायची. म्हणून बाईंनी कागद पिशवीतच ठेवला. अंगण सारवलेलं असलं की त्या तिथंच फतकल मारून बसायच्या. पुरुषाला काडेपेटी, बाईला काचेची बांगडी, पोटातल्याला शंकरपाळी, आणि मधली नाती रांगोळीच्या रेघांनी. जिवंत माणसाची काडेपेटी उभी, गेलेल्याची आडवी. गेलेल्या बाईच्या बांगडीत एक फुटाणा ठेवायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "जन्मभर सगळ्यांच्या मागनं जेवली. आता तरी तिला उपाशी ठेवायची नाही."

मग बाया आपणहून बोलायच्या. आपली चुलत सासू कुठं बसते, तिची सवत कुठं, हे सांगायला एकमेकींच्या अंगावर पडायच्या.

दिसायला बाई काळ्यासावळ्या, ठेंगण्या, आवाज मात्र तालमीतल्या वस्तादाचा. वडील माधवनगरच्या कापडगिरणीत कारकून होते, त्यामुळं घरात गिरणीतली काठ चुकलेली लुगडी भरपूर. बाई विलायतेत शिकून आल्या तरी तीच नेसायच्या. कुणी काठाकडं बघितलं की लगेच म्हणायच्या, "बघा, एक धागा वाकडा गेला म्हणून कुणी लुगडं टाकून देतं का?" लग्न केलेलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर, "सगळ्यांची घराणी बघता बघता माझंच बघायचं राहिलं." आणि नाव विचारलं तर ठरलेलं उत्तर, "यमुना. यमाची बहीण. भाऊ आला तर त्याला दारात थांबवून ओवाळत बसते, तेवढ्यात आतलं माणूस सटकतं."

एसटीत त्यांच्याशेजारी बसणं म्हणजे जिवाला घोर. मी एकदा कऱ्हाडपर्यंत बसलेय. शेजाऱ्याचा पाहुणचार त्या एकाच प्रश्नानं करायच्या, "मामा कुठला तुमचा?" त्या दिवशी त्यांनी कंडक्टरला धरला. तिकिटं फाडता फाडता त्यानं मामाचं गाव सांगितलं, आजीचं सांगितलं, बायको मामाचीच हेही सांगितलं. मग बाई पुढं जाऊन ड्रायव्हरच्या मागं उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं त्यांचा आवाज साऱ्या गाडीत घुमला, "अहो कंडक्टर, ह्यांना मामा म्हणा! हे तुमच्या सासूचे सख्खे चुलत भाऊ निघाले!" ते दोघं वर्षभर एका गाडीवर होते आणि त्याच सकाळी चहावरून भांडले होते. कंडक्टर म्हणाला, "आवं, सकाळी मी ह्यास्नी आईवरनं शिवी दिली की." बाई म्हणाल्या, "ती तुमच्याच घराण्याला लागली. आता काढा खाली वाकून." आणि कऱ्हाडच्या स्टँडवर त्या आडदांड माणसाला खरंच वाकून ड्रायव्हरच्या पाया पडताना मी पाहिलं.

आता आमच्या घरचं सांगते.

मी शिराळ्याकडची. सातवीतून शाळा सुटली आणि लग्न झालं ते आत्याच्या मुलाशी. म्हणजे माझी सासू ही माझ्या वडलांची थोरली बहीण. आमचे हे पलटणीत, वर्षातनं एकदा सुट्टीवर यायचे. पहिला मुलगा झाला तो सदू. अंगानं मऊ, मानेला जोर नाही, जीभ जरा बाहेर. सारखा हसायचा. काळजाला भोक होतं म्हणाले. दुसरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेला.

त्याचे दिवस झाले आणि आत्यांचं बोलणं सुरू झालं. सुमीच्या, म्हणजे माझ्या, रक्तात खोट आहे. तिला माहेरी पाठवायची आणि धाकटी लीला आणायची. लीला म्हणजे माझी पाठची बहीण. आमच्यात हे होतं, बाहेरची सवत येण्यापेक्षा पाठची बहीण बरी म्हणतात. ह्यांना पत्र घातलं तर उत्तर आलं, आई म्हणेल तसं. मला धड झोप लागेना. रडू तर कुणापुढं? सासू हीच आत्या आणि येणार ती बहीण.

कोंबडीच्या त्या दिवशी मी कुंपणाच्या अलीकडं उभी होते. सगळ्याजणी हसत होत्या, मी नव्हते. बाईंनी चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाल्या, "ही कुणाची गं? हिच्या अंगणात चला."

आत्या ओसरीवर जात्याजवळ बसल्या होत्या. "आमच्यात काय बघताय, डागतरीन बाई? आमचं सगळं उघडं हाय. हिच्या म्हायेरातली खोट हाय. माझ्या बाचं रक्त सोन्यावाणी, माझं पोरगं मिल्ट्रीत हाय."

"व्हय का? मग मांडू तरी," म्हणत बाईंनी बैठक मारली. गावात शिरलं की त्यांची भाषाही पायताण काढून ठेवल्यासारखी मोकळी व्हायची. मला विचारलं, "नवऱ्याचं नाव?"

मी म्हटलं, "हे."

"काडेपेटीवर 'हे' लिहू? मग गावातल्या सगळ्या बायकांचा नवरा एकच निघंल, पोरी." मी कसंबसं नाव घेतलं. मग सदूची काडेपेटी आली. बाईंनी ती लगेच आडवी ठेवली नाही. हातात धरून मला म्हणाल्या, "कसा हसायचा?" तोवर त्याला काय झालं होतं हे सगळ्यांनी विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं. मी हसून दाखवायला गेले आणि मला रडू फुटलं. बाईंनी पिशवीतनं दोन काड्या काढून त्या काडेपेटीत घातल्या आणि मग ती हळूच आडवी ठेवली. बाकीच्या सगळ्या रिकाम्या होत्या.

मांडून झालं. बाई मागं रेलल्या. "हं, आत्याबाई. खोट कुठनं आली?"

"सांगितलं न्हवं? तिच्या म्हायेरातनं."

"म्हंजे हितनं?" बाईंनी माझ्या वडलांच्या काडेपेटीवर बोट टेकवलं.

"व्हय, तितनंच."

"बरं. आन् लीलाला आणणार म्हणताय, ती कुठनं?"

आत्यांनी बोट पुढं केलं. ते त्याच काडेपेटीवर आलं. त्यांनी ते चटका बसल्यासारखं मागं घेतलं.

बाईंनी माझी बांगडी आणि लीलाची बांगडी उचलून एकमेकींवर वाजवली. "एकाच डझनातल्या. आवाज बी त्योच. आता ही काडेपेटी कुणाची?"

"माझ्या भावाची."

"आन् भावाचा बाप?"

"त्योच की. माझा बा."

"ज्याचं रक्त सोन्यावाणी." बाईंनी पिशवीतनं एक जाडजूड हिरवी बांगडी काढली. "ही तुमची. हिला कुठं ठिवू, आत्याबाई? सुमीच्या म्हायेरात बसती का भाईर?"

अंगणात बायका जमल्या होत्या, त्यातली एक फस्सकन हसली. सासूचं आणि सुनेचं माहेर एकच, हे गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आत्यांना नव्हतं असं कसं म्हणू? घरचं घरात राहावं म्हणून त्यांनीच तर मला मागून आणली होती. पण सदू गेल्यापासनं माझं माहेर म्हणजे त्यांच्या तोंडी कुठलं तरी परमुलखातलं गाव झालं होतं. आत्या रांगोळीवर वाकल्या. मग उसळून म्हणाल्या, "म्हंजे तुमी माझ्या बाला बोल लावताय!"

"बोल कुणालाच न्हाई. पर सोनं हाय म्हणताय, तर जरा कसाला लावून बघू. काढा हात." आणि आत्या काही म्हणायच्या आत बाईंनी त्यांच्या दंडाला रबर बांधलं. आत्यांनी मान फिरवून खंडोबाचा धावा केला, पण हात मागं घेतला नाही. सोन्याचा प्रश्न होता. माझं रक्त घेतलं, पुढं सुट्टीत आले तेव्हा ह्यांचंही घेतलं.

निकाल सांगायला बाई स्वतः आल्या. म्हणाल्या, माणसाच्या एकेका पेशीत शेहेचाळीस बारीक शेवया असतात. तुमच्या घरात एका शेवईवर दुसरी चढून बसलीय. ज्याच्या अंगात ती आहे त्याला काही होत नाही, पण पोरात उतरताना कधी सरळ उतरते, कधी वाकडी.

"कुणाच्या अंगात?" आम्ही दोघी एकदम म्हणालो.

"घरातल्याच."

"पर कुणाच्या?"

"हिला सांगितलं तर ही रडंल. तुमाला सांगितलं तर तुमी गप बसाल, ते तर लयच वाईट." आणि फुटाणे चावत उठल्या. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुला लागतं तेवढंच ऐक. पुढच्या खेपेला दिवस गेले की आधी माझ्याकडं यायचं. देवाला नंतर."

आत्यांनी लीलाचं नाव घ्यायचं थांबवलं, पण सोडलं नाही. एवढंच म्हणाल्या, "पुढच्या खेपंला बघू." पुढचं मूल सदूसारखं झालं तर लीला येणार, हे न बोलता ठरलं.

पुढची खेप आली तेव्हा मी सांगलीला गेले. चौथा महिना सरत आला होता. पोटातल्या पिशवीतलं थोडं पाणी सुईनं काढलं. मी डोळे मिटून होते. बाई कानाशी सांगत होत्या की त्या पाण्यात बाळाच्या अंगावरनं सुटलेल्या पेशी असतात, त्या बाटलीत उबेला ठेवून वाढवायच्या आणि मग त्यांच्या शेवया मोजायच्या. वाढायला आठवडे लागतात. तोवर त्यांनी मला परत जाऊ दिलं नाही, माधवनगरला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. दिवसभर आसपासच्या मागांची खटखट. मला वाटायचं माझं काळीजच वाजतंय. दिवसातनं चारदा मी विचारायची, "उगवलं का?" त्या म्हणायच्या, "मेथी आहे का गं ती?" पण स्वतः मात्र बाटल्यांशी बोलताना मी ऐकलंय, "चला रे, हातपाय हलवा. बाहेर तुमची आजी लीलाला आणायला टपलीय."

एक दिवस सकाळी वीज गेली. उबेची पेटी गार पडायला लागली. दुपार झाली तरी वीज येईना. मी खोलीच्या दारात उभी होते. बाईंनी दोन्ही बाटल्यांची बुचं घट्ट तपासली, मऊ फडक्यात गुंडाळल्या आणि पोटाशी धरून वरनं पदर घट्ट खोचला. "झालं. आता मी खुडूक बसले. खुडूक कोंबडीला कुणी हलवायचं नाही, कुणी ओरडायचं नाही, आणि तिला वेळेवर दाणे घालायचे."

पण त्यांना बसवेना. फुटाणे संपले होते. म्हणून एक हात पोटाखाली धरून, पाय संभाळून टाकत त्या बाजारात निघाल्या, मागनं मी. फुटाणेवाल्याची बायको त्यांच्या पोटाकडं बघत राहिली. भाजीवालीनं भाजीवालीला कोपर मारलं. शेवटी एकीला राहवेना. "बाई, काय… दिवस हायत काय?"

"हायत की," बाई गंभीरपणानं म्हणाल्या. "चार महिन्याचे. पर माझे न्हाईत. हिचे हायत, मी जरा धरलेत."

भाजीवालीनं माझ्याकडं बघितलं, माझ्या पोटाकडं बघितलं, आणि नुसतीच कोथिंबिरीची जुडी बाईंच्या पिशवीत कोंबली. पैसे घेतले नाहीत. हे प्रकरण सांगलीत पुढं फार दिवस चाललं. दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी बाईंना बोलावून म्हणे अब्रूचं काही सुनावलं. बाई म्हणाल्या, "साहेब, अब्रू गार पडली तरी चालते. पेशी नाही चालत."

वीज आली ती दिवेलागणीला. बाटल्या पेटीत गेल्या. त्या दिवशी बाई एकदाही खाली वाकल्या नव्हत्या. पाठ धरली होती, पण तोंड चालूच. मी रात्री त्यांच्या पाठीला तेल लावलं. तेव्हा मी विचारलं, "बाई, वाईट निघालं तर?"

त्या एकदाच थट्टा न करता बोलल्या. "तर मी तुला सांगेन. मग तू ठरवशील. आत्या नाही, तुझे 'हे' नाहीत, मी नाही. आणि तू काहीही ठरवलंस तरी हे घर तुला उघडं आहे." मग लगेच, "डाव्या बाजूला लाव गं. तुझं पोरगं डावीकडं लाथा मारत होतं."

निकालाच्या दिवशी आत्या साताऱ्याहून आल्या. त्यांना राहवलं नव्हतं. बाई टेबलाशी बसून बाटलीतल्या पेशींच्या मोठ्या केलेल्या फोटोतल्या शेवया नखं कापायच्या कात्रीनं एकेक कापत होत्या आणि खळ लावून कागदावर जोडीजोडीनं चिकटवत होत्या. आम्ही दोघी समोर. आणि बाईंना शिंक आली.

टेबल मोकळं झालं. शेवया खोलीभर. आम्ही तिघी जमिनीवर रांगत एकेक वेचायला लागलो. बाईंनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. एक कमी. आत्या म्हणाल्या, "म्हंजे… पोर अपुरं हाय?"

"पोर न्हाई, आपलं झाडणं अपुरं हाय." बाई आत्यांच्या भोवती फिरल्या. मग थांबल्या. "हलू नका, आत्याबाई. नातवंडाला अंगावर घेऊन कुठं निघालाय?" ती शेवई आत्यांच्या कोपरापाशी, खळीनं चिकटून बसली होती.

आत्या खरंच हलल्या नाहीत. दंड तसाच उचलून, श्वास रोखून उभ्या राहिल्या, जणू तान्हं मूलच निजलंय त्यावर. बाईंनी चिमट्यानं ते अलगद उचललं. मी आत्यांच्या तोंडाकडं बघत होते. सदू झाल्यापासनं तसलं तोंड मी पाहिलं नव्हतं.

सगळ्या जोड्या लागल्या. शेहेचाळीस, आणि एकावर एक चढलेली कुठंच नाही. बाईंनी चष्मा काढला. "सरळ उतरलंय, सुमे."

आत्यांनी डोळ्याला पदर लावला, आणि पदर खाली यायच्या आत त्यांचा प्रश्न आला, "मुलगा का मुलगी?"

शेवटची जोडी तेवढी बाईंनी कागदावर उलटी चिकटवली होती. ते त्यात दिसतं म्हणे. त्याच आठवड्यात शिराळ्याकडचा एक ऊसवाला गुळाची ढेप घेऊन हेच विचारायला आला होता. त्याला मिळालं तेच उत्तर आत्यांना मिळालं.

"शंकरपाळी."

"आवं, पर…"

"खुसखुशीत हाय. तेवढं सांगते."

बाळंतपण साताऱ्यात झालं. मुलगी झाली. लीला आली ती माझं बाळंतपण करायला, मावशी म्हणून. पुढं तिचं लग्न झालं ते नात्याबाहेर, लांबच्या गावी, आणि ते स्थळ आत्यांनीच शोधलं.

नंतर ह्यांची बदली झाली, आम्ही पलटणीबरोबर फिरलो आणि शेवटी इथं जबलपूरला घर केलं. इथं मला मामा कुठला म्हणून कुणी विचारत नाही. बाईंना मी शेवटचं पाहिलं ते निघायच्या आधी, साताऱ्याच्या स्टँडवर. त्या कुठल्याशा गावचं मांडून सांगलीला परत निघाल्या होत्या. आत्यांना कळलं तशा त्या नातीला कडेवर घेऊन, डबा भरून शंकरपाळ्या घेऊन आल्या. बाई खिडकीशी बसल्या होत्या. आत्यांनी डबा आत दिला आणि आवाज बारीक केला. "बाई, आता तरी सांगा. मी कुणाला बोलणार न्हाई. कुणाच्या अंगात व्हतं त्ये?"

बाईंनी आत्यांकडं बघितलं. पोरीकडं बघितलं. डबा उघडला, मूठभर शंकरपाळ्या एकदम तोंडात कोंबल्या आणि दोन्ही गाल फुगवून हातानं खूण केली, की बोलता येत नाही.

गाडी हलली. आत्या मग पोरीला एका कडेवरनं दुसऱ्या कडेवर घेऊन म्हणाल्या, "माझ्याच असंल. असंल तर असंल. पोरगी बी माझ्यावरच गेलीया."

गाडी वळणावर गेली तेव्हा खिडकीतनं बाईंचं डोकं दिसत होतं. शेजारच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्यापुढं त्यांनी डबा धरला होता, आणि तो शंकरपाळी घेता घेता बोटं मोजत मामाचं गाव सांगत होता.